जग बुडताना वैऱ्यावर जीव कसा जडतो?

इंस्टाग्रामवर पुस्तकांच्या रील्स बघणाऱ्यांना ‘एनिमीज टू लव्हर्स’ हे शब्द आता नवे नाहीत. आधी हाडवैर, मग प्रेम. त्याला जादूच्या जगाची जोड मिळाली की झाली ‘रोमँटसी’. आणि त्या जादूच्या जगावर प्रलयच कोसळत असला की आणखी एक खास उपप्रकार तयार होतो. सूर्य विझत चाललाय, समुद्र चढतोय, मेलेले उठून चालायला लागलेत, आणि नायिका ज्याचा गळा चिरायला निघाली होती त्याच्याच शेजारी शेकोटीला बसलीय.

असलं काही न वाचणाऱ्याला हसू येतं. जग संपायला आलंय आणि यांना प्रेम सुचतंय? प्रश्न रास्त आहे. पण या कथांमधून प्रलय काढून बघा, ते दोघे एकमेकांचं तोंडही बघणार नाहीत. त्यांना एकत्र आणण्याचं जवळजवळ सगळं काम तोच करतो. एक काम मात्र त्याच्या हातून होत नाही, आणि फसलेल्या बहुतेक कादंबऱ्या नेमक्या तिथेच फसतात. ते काम कोणतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

नाव नवं असलं तरी खटाटोप जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात लाक्षागृह जळून गेल्यावर पांडव आईला घेऊन रानात लपलेले असतात. हिडिंब राक्षस बहिणीला पाठवतो, का, तर या माणसांना मारून त्यांचं मांस आणायला. हिडिंबा येते, पहाऱ्याला बसलेल्या भीमाला बघते आणि त्याच्यावर भाळते. पुढे भीम तिच्या भावाला ठार करतो. एवढ्यावर थांबत नाही, राक्षस वैर विसरत नाहीत म्हणून तिच्याही अंगावर जातो. युधिष्ठिर त्याला आवरतो. मग लग्न, मग घटोत्कच. आजच्या वाचकाच्या भाषेत सांगायचं तर साहित्य सगळं हजर आहे, पण ‘स्लो बर्न’ नाही. म्हणजे प्रेम मंद आचेवर शिजत नाही, बघताक्षणी पेटतं. भावाच्या खुन्याशी संसार कसा करायचा, या प्रश्नावर मूळ कथा फार रेंगाळत नाही. आजची कादंबरी त्याच प्रश्नावर चारशे पानं काढते.

अशा कथांना पेठांमधल्या मालांसारखी नावं दिली ती मुख्यतः फॅनफिक्शनवाल्यांनी, म्हणजे आवडत्या पुस्तक-सिनेमातली पात्रं घेऊन स्वतःच्या कथा लिहिणाऱ्या चाहत्यांनी. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ 2009 साली सर्वांसाठी खुलं झालं. तिथे हौशी लेखक आपल्या कथेला स्वतःच टॅग लावतात : शत्रू ते प्रेमी, मंद आच, फक्त एकच बेड, कोण मरतं, किती रक्त. वाचक टॅग बघून कथा निवडतो. 2019 मध्ये या संकेतस्थळाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. हीच टॅगची भाषा पुढे टिकटॉकवर पुस्तकांचे व्हिडिओ करणाऱ्यांनी, म्हणजे ‘बुकटॉक’ने, उचलली आणि तिथून प्रकाशकांच्या जाहिरातीत गेली. आपल्याकडे जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्यामुळे मराठी वाचकापर्यंत हे सगळं पोचलं ते इंस्टाग्रामच्या वाटेने.

टॅगने सोय झाली तशी गल्लतही झाली. ‘शत्रू’ या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या.

पहिली, नुसती नावड किंवा दुखावलेला मान. 1911 साली रंगभूमीवर आलेलं खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ घ्या. भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते, त्याचा अपमान होतो, पुढे तीच वेश पालटून वनमाला होऊन त्याच्या सहवासात येते. इथे दोष अहंकाराचा आहे. एकाने माघार घेतली, दुसऱ्याने मन मोठं केलं, की गाठ सुटते. आपल्या कितीतरी मालिका याच भांडवलावर वर्षानुवर्षं चालतात, फक्त तिथे गाठ सुटायला हजार भाग लागतात.

दुसरी, बाजूचं वैर. दोन राज्यं, दोन घराणी, दोन सैन्यं. माणसांनी एकमेकांचं काही वाकडं केलेलं नाही, पण जन्मच समोरच्या तटात. कच आणि देवयानी हे यातलं आपलं ओळखीचं उदाहरण. देवांचा गुप्तहेर म्हणावा असा शिष्य आणि असुरांच्या गुरूची मुलगी. (तिथे प्रेम एकीकडूनच राहिलं आणि शेवटी शाप मिळाले, ही गोष्ट वेगळी.)

तिसरी, खरं वैर. एकाने दुसऱ्याचं असं काही हिरावलंय की ते परत येणार नाही. घर, भाऊ, देश. प्रलयाच्या कथेला साधारण ही तिसरीच जात लागते, कारण नावडीसाठी जग बुडवायची गरज नसते. नावड चहाच्या टेबलावरही मिटते.

आता प्रलय नेमकं काय करतो ते बघू. एरवी वैऱ्यापासून लांब राहायच्या शंभर सोयी समाजाने करून ठेवलेल्या असतात. रस्ता बदलता येतो, कोर्टात जाता येतं, दुसऱ्या गावात राहता येतं. प्रलय या सोयी एकेक करून काढून घेतो. दरवाजे बंद होतात आणि दोघांपुढे असं एक काम येतं जे एकट्याच्याने होणार नाही.

असं काम पडलं की वैर कसं वागतं, याचा एक गाजलेला प्रयोग आहे. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी 1954 च्या उन्हाळ्यात साधारण अकरा वर्षांच्या 22 मुलांना अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात शिबिराला नेलं. मुलांचे दोन गट केले. त्यांनी स्वतःच नावं घेतली, ‘रॅटलर्स’ आणि ‘ईगल्स’. मग बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावून दिल्या आणि बक्षीस ठेवलं. थोड्याच दिवसांत दोन्ही गट एकमेकांना पाण्यात पाहू लागले. एकमेकांचे झेंडे जाळले, राहण्याच्या खोल्यांवर धाडी घातल्या.

कादंबरी लिहू पाहणाऱ्याने पुढचं नीट वाचावं. शेरीफने आधी मुलांना नुसतं एकत्र आणलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. काही फरक पडला नाही, उलट जेवताना अन्नाचीच फेकाफेक झाली. नुसत्या जवळिकीने वैर मिटत नाही, ते जेवणाच्या टेबलावर येऊन बसतं. मग अडचणी उभ्या केल्या. शिबिराचं पाणी बंद पडलं, बिघाड कुठे ते दोन्ही गटांनी मिळून शोधायचं. खाणं आणायला जाणारा ट्रक सुरूच होईना, तो ओढायचा. मुलांनी ट्रक ओढायला दोर आणला तो रस्सीखेचीचाच. आदल्या आठवड्यात ज्याच्या दोन टोकांना उभं राहून शिव्या दिल्या, त्याच दोराच्या एका टोकाला सगळे. एका कामाने भागलं नाही, अशी बरीच कामं लागली. पण परत निघताना मुलांनी एकाच बसने जायचं ठरवलं.

या प्रयोगाला नियम मानायचं कारण नाही. आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात शेरीफने असाच घाट घातला होता आणि तिथली मुलं एकमेकांशी भांडायलाच तयार झाली नाहीत. रॉबर्स केव्हमध्येही भांडण कितपत लावून दिलेलं होतं, यावर पुढे बरीच टीका झाली. तरी कथेच्या दृष्टीने त्यातलं सूत्र पक्कं आहे : एकत्र कोंडल्याने काही होत नाही, एकत्र राबल्याने होतं. आणि ते एकदा राबून होत नाही.

दुसरा प्रयोग प्रणयकथांच्या चर्चेत हटकून निघतो. 1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी तो कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर केला. पूल हलता, कठडे बुटके, खाली सुमारे 70 मीटरवर खडक आणि पाणी. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना एका तरुणीने थांबवून प्रश्नावली भरायला दिली आणि ‘निकाल जाणून घ्यायचा असेल तर फोन करा’ म्हणून नंबर दिला. हेच जवळच्या एका बुटक्या, भक्कम पुलावरही केलं. हलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या 16 पैकी फक्त 2 जणांनी. अर्थ असा लावला गेला की भीतीने धडधडणारं काळीज समोरच्या व्यक्तीच्या खात्यावर जमा होतं. छाती का उडतेय हे शरीर सांगत नाही, मन अंदाज बांधतं, आणि समोर कुणी देखणं असलं की अंदाज चुकायला वेळ लागत नाही.

आकडे लहान आहेत, हे उघड आहे. पण अनेक लेखकांना हा पूल सोयीचा वाटतो. राक्षस मागे लागला, दोघे पळाले, गुहेत धापा टाकत एकमेकांकडे बघितलं, झालं प्रेम. त्यांनी 1981 चा एक पुढचा प्रयोग बघितला तर बरं होईल. त्यात पुरुषांना जागच्या जागी धावायला लावून मग एका स्त्रीचा व्हिडिओ दाखवला. जास्त धावलेल्यांना आकर्षक दिसणारी स्त्री अधिक आवडली, आणि मुद्दाम अनाकर्षक केलेली स्त्री अधिक नावडली. म्हणजे धडधड काही निर्माण करत नाही, असलेलं फुगवते. हे वैऱ्यांना लावून बघा : मागे राक्षस लागला तर ज्याचा द्वेष आहे त्याचा द्वेषच वाढायला हवा. गुहेत धापा टाकत ती बहुधा त्याला म्हणेल, ‘तुझ्यामुळे मेले असते मी.’

प्रलयाच्या हातून न होणारं काम ते हेच. तो दोघांना एका छताखाली आणतो, एका दोराला लावतो, काळीज उडवतो. जुना हिशोब मात्र त्याला मिटवता येत नाही. तो दोघांपैकी एकाने, सहसा गुन्हेगाराने, आपल्या खिशातून मिटवायचा असतो.

एक उदाहरण रचून बघू. समजा असं एक जग आहे जिथे रात्र रोज थोडी लांबतेय. दिव्याच्या उजेडाबाहेर जो राहतो तो सकाळी सापडत नाही. ती दिवे राखणाऱ्या लोकांतली. राजाच्या फौजेने तेलासाठी तिचं गाव लुटलं आणि जाळलं. तो त्या फौजेतला शिपाई, पलिता त्याच्याच हातात होता. दोघे आता एका पडक्या देवळात अडकलेत. एक समई आणि चार बोटं तेल.

कच्चा लेखक इथे लगेच पाऊस पाडतो आणि दोघांत एकच घोंगडी ठेवतो. पक्का लेखक तेलाकडे बघतो. वात किती वर ठेवायची? ती खाली ओढते, तिला तेलाची किंमत माहीत आहे. तो वर सारतो, कारण त्याला अंधाराची भीती वाटते. हे तिला आत्ताच कळतं आणि तिला आनंद होतो. ती मुद्दाम वात आणखी खाली ओढते. तो काही बोलत नाही. मध्यरात्री तिच्या कानावर पुटपुट येते. तो मोजतोय. एक ते एकेचाळीस, मग पुन्हा एकपासून. तिच्या गावात घरं एकेचाळीस होती. ती हूं की चूं करत नाही. वात तेवढी अर्धं बोट वर सारते.

यात प्रेम शोधायला जाऊ नका, माफीसुद्धा नाही. झालंय इतकंच की ‘फौज’ नावाच्या शत्रूला एक तोंड आलं, आणि ते तोंड घरं मोजतंय हे तिला कळलं. तरी हिशोब बाकीच आहे. घरं मोजणं फुकट असतं. पुढे दीडशे पानांनी सेनापती त्याला माफी, बढती आणि तेलाने भरलेला किल्ला देऊ करेल आणि बदल्यात फक्त दिवेवाल्यांची लपायची जागा विचारेल, तेव्हा तो काय करतो यावर सगळं ठरेल. तेही ती समोर नसताना आणि आपण काय केलं हे तिला कधीच कळणार नाही अशी त्याची खात्री असताना. ती बघत असताना केलेला त्याग संशयास्पद असतो, वाचकही इतका भोळा नसतो.

मी अशी कादंबरी वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारते : उद्या सूर्य वेळेवर उगवला तर हे दोघे एकत्र राहतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती प्रलयाने लावलेली जोडी आहे. भावकीतली माणसं एखाद्या मयताला खांद्याला खांदा लावतात आणि तेराव्यानंतर पुन्हा बांधावरून न बोलता जातात, त्यातली गत.

मग यात जादू कशाला हवी? भूकंप किंवा साथ चालली नसती का? चालते, तशा कथाही आहेत. पण जादूने दोन गोष्टी सोप्या होतात. एक म्हणजे आतलं ओझं बाहेर दिसतं. वास्तववादी कथेत शिपाई म्हणतो, ‘मला हुकूम होता’, आणि ते खरं की पळवाट हे कळायला मार्ग नसतो. जादूच्या जगात त्याची शपथ जिभेवर कोरलेली असू शकते. राजाविरुद्ध शब्द काढला की जीभ भाजते. त्याने तरी बोलायचं ठरवलं, तर किंमत किती हे वाचकाला डोळ्यांनी दिसतं. दुसरं, भूकंपामागे कुणाचा हात नसतो, जादूच्या प्रलयामागे असू शकतो. कदाचित दोघांपैकीच एकाचा. रात्र लांबतेय ती तिच्याच लोकांनी पूर्वी केलेल्या एखाद्या सौद्यामुळे, हे मध्यावर उघड झालं की आतापर्यंतचा गुन्हेगार आणि फिर्यादी जागा बदलतात. ‘जग वाचवू की तुला?’ हा या प्रकारातला लाडका पेचही जादूमुळेच शक्य होतो. साथीचा रोग कुणाला असा पर्याय देत नाही.

जादूचे तोटेही आहेत. पाचशे वर्षं जगलेला नायक विशीतल्या पोरासारखा रुसून बसतो तेव्हा मला पुस्तक मिटावंसं वाटतं. पाचशे वर्षांत हा काय शिकला?

आणखी एक सवय खटकते. या कथांत संकट आलं की बाकी सगळी माणसं रातोरात लांडगे होतात, म्हणजे दोघांना एकमेकांशिवाय कुणी उरू नये. प्रत्यक्षात असं फारसं होत नाही. आपत्तीत लोक कसे वागतात याचा अभ्यास करणारं केंद्र अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात 1963 साली सुरू झालं. तिथल्या एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वारंवार आढळलं की चेंगराचेंगरी आणि लूटमार हा अपवाद असतो, बहुतेक लोक शेजाऱ्याला हात देतात. मुंबईकरांना हे सांगायला कुठला अभ्यास नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अडकलेल्यांना अनोळखी घरांनी चहा, खिचडी आणि रात्रीचा आसरा दिला. कथेलाही हेच जास्त कामाचं आहे. दोघांना ओसाड रानात सोडण्यापेक्षा दोनशे माणसांच्या छावणीत ठेवा, जिथे सगळ्यांना माहीत आहे की हा कोण आणि याने काय केलं.

याच ठिकाणी या प्रकारावरचा सगळ्यात वाजवी आक्षेप येतो. प्रलयात अन्न, हत्यार आणि ऊब एकाच्याच हातात असण्याची शक्यता मोठी. तो पहारेकरी, ती कैदी. तिची भाकरी त्याच्या मर्जीवर असेल, तर तिच्या ‘हो’ला काय अर्थ? नायक देखणा आहे, दुखावलेला आहे, त्याच्या पाठीवर वळ आहेत, याने गणित बदलत नाही. जाणते लेखक तराजू आधी बरोबर करून घेतात. हत्यार त्याच्याकडे असेल तर वाट तिलाच ठाऊक असते. तेल त्याच्याकडे असेल तर ते पेटवायची विद्या तिच्याकडे. आणि तिला निघून जाता येईल असा एक प्रसंग देतात, खराखुरा, ज्यात गेली तर ती जगेल. ती का थांबली, हे त्यानंतरच विचारण्यात अर्थ आहे.

दुसरी बाब माफीची. ती फार तर आपल्या वाटची माफी देऊ शकते. उरलेल्या चाळीस घरांची माफी तिच्या पदरात नसते. त्यामुळे शेवटपर्यंत त्याला माफ न करणारं, आणि तरीही दुष्ट न ठरवलेलं, असं एक तरी पात्र कादंबरीत असावं असं माझं मत आहे. बऱ्याच पुस्तकांत असं पात्र असतं, पण दोन-तृतीयांशाच्या आसपास त्याचा सोयीस्कर मृत्यू होतो.

उरला शेवट. प्रणयकथेचा वाचकाशी एक करार असतो. अमेरिकेतल्या प्रणयकथा लेखकांच्या संघटनेने तो व्याख्येतच घातला होता : कथेच्या मध्यभागी प्रेम, आणि शेवट समाधानाचा, आशेचा. प्रलयाची कथा नेमकं याच्या उलट धमकावते. हे दोन करार एकत्र आले की ‘वाचतील का?’ हा प्रश्न मेलेला असतो, वाचकाला उत्तर माहीत असतं. त्यामुळे सगळा ताण ‘कशाच्या बदल्यात?’ या प्रश्नावर येतो. काही लेखक शेवटच्या प्रकरणात जग जसंच्या तसं परत करतात. मला ते पैसे परत दिल्यासारखं वाटतं. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स काव्यातला रॅग्नारोक, म्हणजे जगाचा अंत, जास्त धीट आहे. तिथे देव मरतात, जमीन समुद्रात बुडते, मग नवी हिरवी जमीन वर येते आणि रानात लपलेली दोन माणसं, लीफ आणि लीफथ्रासिर, वंश पुढे नेतात. पण मला त्यातलं बाल्डर आणि होड या देवांचं परतणं मोठं वाटतं. आंधळ्या होडच्या हातून, कपटी लोकीच्या कारस्थानामुळे, बाल्डर मारला गेलेला असतो. नव्या जगात मारणारा आणि मेलेला एकाच घरात राहायला येतात. ते भाऊ आहेत, प्रेमी नाहीत, पण प्रलयानंतर वैर मिटलेलं दाखवण्याची ही रीत सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांतही सापडते.

नव्याने वाचायला घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ही पुस्तकं सहसा तीन किंवा जास्त भागांची असतात, आणि पहिल्या भागाच्या शेवटी एक मोठा विश्वासघात जवळजवळ ठरलेला असतो. तेव्हा पहिला भाग संपवून ‘हे कसलं प्रेम?’ म्हणू नका, हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या भागात मिटतो. दुसरं, मुखपृष्ठावर कितीही गोंडस फुलं आणि खंजीर असले तरी यातली पुष्कळ पुस्तकं प्रौढांसाठी असतात. शृंगार उघड असतो आणि हिंसाही. घरातल्या आठवीतल्या मुलीने नाव सांगितलं म्हणून लगेच मागवू नका. आधी आतली सूचना वाचा, ती हल्ली बऱ्याच पुस्तकांत पहिल्या पानांवरच असते.